डाव्या हाताची वही

ज्या माणसाचा पुतळा आठ दिवसांनी उभा राहायचा होता तो माणूस या जगात कधी होऊनच गेला नाही, ही गोष्ट बाईंना एका मंगळवारी दुपारी, समोरचा चहा निवत असताना, त्यांच्या धाकट्या बहिणीकडून कळली.

बाईंचे वय तेव्हा एकाहत्तर. त्यांपैकी चव्वेचाळीस वर्षे त्यांनी कामगारांच्या चळवळींचा आणि अराज्यवादाचा इतिहास लिहिण्यात वेचली होती. अराज्यवाद म्हणजे अनागोंदी नव्हे. कोणी कोणाच्या मानेवर बसू नये, माणसांनी आपले काम आपसांत ठरवून करावे, असे मानणाऱ्यांचे ते दर्शन आहे, हे वाक्य त्यांनी वर्गात इतक्या वेळा उच्चारले होते की विद्यार्थी ते त्यांच्यामागे पाढ्यासारखे म्हणत. त्याच विद्यार्थ्यांनी त्यांना ‘भट्टीबाई’ हे नाव ठेवले होते. ते सार्थच होते, कारण बाईंचा सारा जन्म एका काचकारखान्याच्या भट्टीभोवती फिरला होता. नव्वद वर्षांपूर्वी त्या कारखान्याच्या मालकाने काम बंद करायचे ठरवले, तेव्हा कामगारांनी मालकाला बाहेर ठेवले आणि भट्टी चालू ठेवली. काचेची भट्टी एकदा निवली की आतला रस दगड होतो आणि भट्टीच तडकते. म्हणून सतरा महिने, पाळ्या लावून, त्यांनी ती विझू दिली नाही. बाटल्या फुंकल्या, विकल्या, लेकरेबाळे जगवली. अखेर शिपायांनी फाटक फोडले आणि माणसे दाही दिशांना पांगली. मागे उरली ती त्यांच्या एकेचाळीस सभांच्या इतिवृत्तांची एक वही.

बाई नव्यानेच विद्यापीठात लागल्या होत्या तेव्हाचे विभागप्रमुख त्यांना म्हणाले होते, “अहो, राजांचा इतिहास असतो. बाटल्यांचा कसला आलाय इतिहास?”

“राजे काय ओंजळीनं पीत होते का, सर?” बाईंनी विचारले होते.

या एका उत्तरापायी त्यांची बढती नऊ वर्षे अडून राहिली. बाई वाकल्या नाहीत. अभिलेखागारातल्या लाकडी बाकावर बसून त्यांनी त्या वहीचे अक्षर न् अक्षर लावले.

वही विलक्षण होती. तीत कोठे नाव नाही, सही नाही. प्रत्येक निर्णयापुढे एकच शब्द: ‘ठरले’. अक्षर मात्र डोळ्यांत भरणारे: मागे झुकलेले, थरथरते, उघडउघड डाव्या हाताचे. केवळ चार सभांचे वृत्तान्त सरळ, स्थिर अक्षरात होते. बाईंनी त्यावरून अनुमान बांधले की सभेचा सूत्रधार एकच असावा. डावखुरा, प्रकृतीने खचलेला, नावाची हाव नसलेला. आणि त्या चार सभा त्याच्या एखाद्या सहायकाने लिहिल्या असाव्यात. त्यांनी एका हस्ताक्षरतज्ज्ञाला विचारले. त्याने कळवले, ‘बहुधा एकाच व्यक्तीचे.’ पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तो ‘बहुधा’ होता. दुसऱ्या आवृत्तीत तो गळला. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्या अनामिकाला ‘डावरा’ हे नाव मिळाले, स्वभाव फुटला, छातीचे दुखणेही जडले. प्रत्येक पानाच्या कडेला एक पुसट गोल डाग होता; त्यावरून डावरा लिहिताना पेला जवळ ठेवीत असे, अशी एक तळटीपही आली. असत्याला पाय नसतात म्हणतात. विद्वत्तेने दिले तर त्याला पायच काय, बूटही मिळतात.

पुस्तक गाजले. कारखाना आता चालवणाऱ्या, त्याच मालकाच्या नातवांच्या कंपनीने डावऱ्याच्या नावाने विद्यापीठात अध्यासन काढले आणि त्यावर बाईंचा सर्वांत आवडता विद्यार्थी बसला, ज्याला सारे ‘तळटीप’ म्हणत, कारण तो पुस्तके खालून वर वाचत असे. आता कंपनीच्याच खर्चाने कारखान्याच्या फाटकापाशी डावऱ्याचा पुतळा बसणार होता. शिल्पकाराने बाईंचे पुस्तक पुढ्यात ठेवूनच तो घडवला होता: डाव्या हातात लेखणी आणि उजव्या हातात पेला.

त्या मंगळवारी प्रदर्शनासाठी मोठी करून आणलेली वहीची पाने जेवणाच्या टेबलावर पसरली होती. धाकटी चहा घेऊन आली. तिने तेहतीस वर्षे इस्पितळाच्या जळीत कक्षात परिचारिका म्हणून काढली होती, आणि ताईच्या कागदांकडे ती तत्त्व म्हणून कधी पाहत नसे. टेबल अडवतात एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध. पण आज अक्षर वीतभर मोठे होते.

“हे कोणी लिहिलंय गं?”

“डावऱ्यानं. आणि कोण लिहिणार?”

“सगळं? एकट्यानं?” धाकटीने कप खाली ठेवला. “ताई, ही पाच-सहा माणसं आहेत. आणि त्यांतलं एकही डावखुरं नाही.”

“तू कधीपासून अक्षरं वाचायला लागलीस?”

“अक्षरं नाही वाचत मी, हात वाचते. डावखुऱ्याचा डावा हात कशाला थरथरेल? तो त्याचा रोजचा हात. थरथरतो तो उजव्याचा डावा.” तिने एक पान उचलले. “उजवा हात बँडेजमध्ये असला की माणसं अशीच लिहितात. मी शेकड्यांनी सह्या घेतल्यात अशा. आणि बघ, कागद धरायला दुसरा हात नाही, म्हणून ओळी वर चढतात. हा गोल कसला आहे?”

“पेल्याचा डाग,” बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आधीच उतरला होता.

“पेल्याचा! अगं, काचकारखान्यातली माणसं ती. कागद सरकू नये म्हणून बाटली ठेवलीय वर. आमच्याकडे औषधाची बाटली ठेवायचे. चव्वेचाळीस वर्षं त्या बिचाऱ्याला दारुडा ठरवलंस तू!”

“मला कधी बोलली नाहीस ते!”

“तू कधी दाखवलंस? जेवायला कागद उचल म्हटलं की फणकारायचीस.”

बाई हसल्या नाहीत. त्या एका पानाच्या तळाशी बोट ठेवून बसल्या होत्या. तेथे लिहिले होते: ‘हात बरा झाला. वही दिली.’ असे वाक्य वहीत वारंवार येई. डावऱ्याची प्रकृती मध्येच सुधारत असावी आणि शिपायांच्या भीतीने तो वही अधूनमधून दुसऱ्याकडे लपवायला देत असावा, असे त्यांनी लिहिले होते. शब्द तर स्वच्छ होते. दिव्याखालीच अंधार असतो, आणि दिवा जितका मोठा तितका तो अंधार गडद.

पुढचे तीन दिवस बाई अभिलेखागाराचे दार उघडताना आत आणि बंद होताना बाहेर पडल्या. कारखान्याच्या दवाखान्याची नोंदवही त्याच इमारतीत, दुसऱ्या बंडलात होती. अपघातांचा तक्ता करण्यापुरती त्यांनी ती एकदा चाळली होती. आता एका हाताला सभेची तारीख आणि दुसऱ्या हाताला दवाखान्याची नोंद ठेवून त्या बसल्या. पहिली सभा: त्याच आठवड्यात एका फुंकणाऱ्याच्या उजव्या मनगटावर वितळलेली काच सांडली होती. दुसरी सभा: तोच. तिसरी: साचे धरणारा, उजवा तळवा. सतरावी सभा सरळ अक्षरातली, ‘सहायका’ची; नोंद सांगत होती, भट्टीवाला, डावा हात.

म्हणजे असे होते तर. ज्याचा हात भाजला त्याला भट्टीवर जाता येत नसे. त्याचे काम बाकीचे करीत आणि सभेचे काम तो करी. हात बरा झाला की वही खाली ठेवायची. सतरा महिन्यांत लेखणी कोणाच्याही हाती मुक्कामाला राहिली नव्हती. बाईंनी जन्मभर जे दर्शन शिकवले ते या माणसांनी एका वहीच्या फिरण्यात आचरून दाखवले होते. आणि बाईंनी काय केले होते? त्यांच्यावर एक पुढारी बसवला होता. शास्त्रकार स्थाणू आणि पुरुष यांचा दृष्टान्त देतात: अंधुक उजेडात खुंटाला माणूस समजणे. अनेक माणसांना एक माणूस समजणे हा भ्रम मात्र शास्त्रकारांनाही सुचला नव्हता. तो इतिहासकारासाठी राखून ठेवलेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तळटीप घरी आला. बाईंनी त्याच्यापुढे तक्ता ठेवला. त्याने तो सवयीप्रमाणे खालून वर वाचला.

“सगळ्या जुळल्या?”

“एकेचाळीसच्या एकेचाळीस.”

“बाई, पुतळा मंगळवारी आहे.”

“म्हणूनच मंगळवारी सांगणार.”

“वर्षभरानं सांगा. आधी एखाद्या नियतकालिकात लेख लिहा, तीन माणसं वाचतील, हळूहळू मुरेल. अहो, अध्यासनाच्या करारात काय लिहिलंय ठाऊक आहे ना? ‘डावरा यांच्या जीवनकार्याच्या अभ्यासार्थ.’ जीवनच नसेल तर कार्य कसलं? कंपनी दुसऱ्या दिवशी ते बंद करील. मी पन्नाशीला आलोय, बाई. मला आता कोण उभं करणार?”

बाईंनी चष्मा काढला.

“तुझं नुकसान होईल,” त्या म्हणाल्या. “माझ्या चुकीनं होईल. तू मला शिव्या दे, तो तुझा हक्क आहे. पण अरे, कंपनी हा पुतळा का उभारतेय, विचार कर. एक थोर माणूस होता, तो गेला, संपलं. त्याला हार घालता येतो. आळीपाळीनं कारभार करणाऱ्या चारशे माणसांना हार घालून गप्प नाही बसवता येत. कंपनीच्या आजोबांना जे शिपाई आणून जमलं नाही ते मी पुस्तक लिहून करून दिलं!”

“आणि तुमचं पुस्तक? सहा आवृत्त्या?”

“सातवी निघणार नाही. प्रकाशकाला सकाळीच कळवलं. तो म्हणाला, बाई, तुम्हाला ऊन लागलंय.”

तळटीप उठला. दारात थांबून तो कडवट स्वरात म्हणाला, “तुम्ही बोललात तर मी तुमच्या विरुद्ध लिहीन. पुराव्यानिशी. तुमचा एकेक जोड तपासीन.”

“खरंच?” बाईंचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला. “नक्की लिही हं. नुसतं बोलू नकोस.”

तो गेल्यावर स्वयंपाकघरातून धाकटी म्हणाली, “काय बाई तरी तू! तो भांडायला आला आणि तू त्याला गृहपाठ देऊन पाठवलंस.”

मंगळवारी सकाळी फाटकापाशी मांडव घातला होता. पुतळ्यावर पांढरे कापड होते आणि त्याची दोरी व्यासपीठापर्यंत आणलेली होती. पुढच्या खुर्च्यांवर कंपनीचे संचालक आणि विद्यापीठाचे अधिकारी बसले होते. मागे, कामाच्याच कपड्यांत, सकाळच्या पाळीची माणसे उभी होती. समितीचे अध्यक्ष गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. ते म्हणाले, “एकटा माणूस काय करू शकतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण कोणतं? आणि त्या एकट्याला अंधारातून बाहेर आणणाऱ्या आपल्या बाई. बाई, दोन शब्द बोला, आणि मग आपण दोरी ओढू.”

बाई उठल्या. त्यांच्या हातात तक्त्याचे चार कागद होते.

“दोरी राहू द्या,” त्या म्हणाल्या. “कापडाखालचा माणूस मी घडवला. तो कधी नव्हता.”

मांडवात माणसे गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. बाईंनी घाई केली नाही. भाजलेल्या हातांचे, सरकणाऱ्या कागदाचे आणि वर ठेवलेल्या बाटलीचे त्यांनी वर्गात सांगावे तसे सविस्तर सांगितले. तज्ज्ञाचा गळलेला ‘बहुधा’सुद्धा सांगितला. “तो शब्द मी काढला,” त्या म्हणाल्या. “कोणी काढायला लावला नाही. मला एक माणूस हवा होता. ज्यांनी पुढारी नको म्हणून सतरा महिने जपलं, त्यांना, ते मेल्यावर, मी पुढारी दिला. मालकानं त्यांचा कारखाना घेतला. मी त्यांचा विचार घेतला. माझी चोरी मोठी.”

अध्यक्ष वाकून कुजबुजले, “बाई, पाटी बदलू. ‘अनाम कामगार’ असं लिहू. पण आत्ता पुरे करा.”

“अनाम कशाला? नावं आहेत. दवाखान्यानं लिहून ठेवलीयत.”

अध्यक्षांनी कोणाकडे तरी पाहिले आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. बाईंचे ओठ हलत राहिले. तेव्हा मागून काच फुंकणारी एक पोक्त कामगारीण ओरडली, “मोठ्यानं वाचा हो! भट्टीच्या घरघरीत ऐकायची सवय आहे आम्हाला. ते भोंगे नकोतच!”

चव्वेचाळीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेला तो आवाज. बाई नावे वाचू लागल्या. नाव, काम, कोणता हात, किती दिवस. तिसऱ्या-चौथ्या नावानंतर मागची माणसे पुढे सरकली. पुढच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या. एका संचालकाने जाताजाता म्हटले, “वय झालंय.”

“झालंय ना,” बाई कागदावरून डोळे न काढता म्हणाल्या, “म्हणून तर बढतीची भीती घालता येत नाही,” आणि त्यांनी पुढचे नाव वाचले.

“पण मग तोंड कोणाचं हो याचं?” फुंकणारीने पुतळ्याकडे बोट दाखवत विचारले.

शिल्पकार कोपऱ्यात उभा होता. त्याने मान खाली घातली. “सासऱ्यांचं,” तो म्हणाला. “फुकट बसले समोर.”

मांडव हसण्याने हादरला. अध्यक्षांच्या हातात दोरी तशीच होती. ती ओढावी की सोडावी हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. नावे वाचून झाल्यावर पाळीची माणसे आत निघून गेली, कारण भट्टी कोणासाठी थांबत नाही. पुतळा कापडातच राहिला.

पुढे जे व्हायचे ते झाले. कंपनीने अध्यासन स्थगित केले. पुस्तक अभ्यासक्रमातून निघाले. एका वर्तमानपत्राने ‘इतिहासकाराची आत्महत्या’ असे लिहिले. धाकटीने ते कात्रण कचऱ्यात टाकले आणि बाईंनी ते काढून फायलीत लावले, कारण कागद फेकायचा नसतो. विद्यापीठाने बाईंचा अभिलेखागाराचा आजन्म वाचकपरवानाही परत मागवला. तो त्यांनी त्याच टपालाने पाठवून दिला.

सोमवारी सकाळी त्या अभिलेखागाराच्या खिडकीपुढे, विशीतल्या विद्यार्थ्यांमागे, रांगेत उभ्या राहिल्या. लिपिक त्यांना तीस वर्षे ओळखत होता. तो ओशाळला.

“बाई, तुम्हाला फॉर्म भरायला लावायचं म्हणजे...”

“लाव की. नवीन वाचक आहे मी.” त्यांनी नाव, पत्ता लिहिला. शिक्षणापुढे आवश्यक तेवढेच लिहिले. संशोधनाच्या विषयापुढे ‘काचकारखाना, सतरा महिने’ असे लिहून वहीचा आणि नोंदवहीचा क्रमांक टाकला.

लिपिकाने क्रमांक पाहिले. “ही दोन्ही बंडलं बाहेर गेलीयत. बुधवारपासून एकच वाचक घेऊन बसलाय.”

वाचनकक्षात, खिडकीजवळच्या टेबलाशी तळटीप बसला होता. दाढी वाढली होती. समोर वही, नोंदवही आणि तिसरे काहीतरी, हजेरीपटासारखे, उघडे होते. बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या तरी त्याने मान वर केली नाही.

“मी अजून तुमच्या विरुद्धच आहे,” तो म्हणाला.

“असायलाच हवंस. कुठवर आलास?”

“तीस सभा जुळल्या. एकतिसावी नाही जुळत.” त्याने हजेरीपट त्यांच्याकडे वळवला. “त्या आठवड्यात भाजलेला एकच माणूस, साचेवाला. तुम्ही त्याचं नाव व्यासपीठावरून वाचलंत. तो सतरा महिने रोज इथं अंगठा उठवतोय, बाई. त्याला लिहिता येत नव्हतं.”

बाईंनी तो अंगठा पाहिला. शाई अजून काळीभोर होती. पुन्हा एकदा ‘बहुधा’ गाळला होता त्यांनी, अवघ्या तीन दिवसांत, या वयात. त्यांच्या कानशिलांवर लाली चढली, आणि पाठोपाठ, कित्येक वर्षांत आली नव्हती अशी भूक लागली.

“मग ते पान लिहिलं कोणी?” त्यांनी विचारले.

“तेच पाहतोय. तुम्हाला सांगणार नाही. छापीन.”

“नको सांगूस,” असे म्हणत बाईंनी पलीकडची खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि नोंदवहीची आपल्याकडची बाजू हळूच स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतली. “सरक जरा. उजेड अडतोय.”